बासष्ट टोपल्या

“फुलांस्नी टँकर, आक्का?”

धाकट्या भावाने फोनवर एवढंच विचारलं आणि तो गप्प झाला. २०१८ च्या मे महिन्यातली गोष्ट. तो माण तालुक्यातल्या आमच्या गावी, रात्रीच्या श्रमदानाला निघालेला. मी इकडे इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये, पाच-साडेपाच हजार वस्तीच्या एका जुन्या बाजारगावात. आमच्या फुलांच्या गटाला गाड्यावर बसवलेली पाण्याची नवी टाकी मिळाली होती. तिच्याशेजारी पिवळं जाकीट घालून मी उभी आहे, असा फोटो मी त्याला मोठ्या हौसेने पाठवला होता. टाकी तीनशे लिटरची. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत तिच्यातून गावातल्या दिव्याच्या खांबांवर टांगलेल्या बासष्ट टोपल्यांना पाणी घालायचं होतं.

त्याच्या प्रश्नात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. आम्ही दोघं टँकरवर वाढलो. टँकर आला की विहिरीत पाणी सोडायचा आणि ते गढूळ पाणी खाली बसायच्या आत पोहरे पडायला लागायचे. आमच्या परसात फूलझाड म्हणजे मोरीच्या पाण्यावर जे जगेल ते. झेंडू जगायचा, कर्दळ जगायची. गुलाब लावायचा विचारही कोणाच्या डोक्यात आला नाही. त्या घरातली मी परदेशात रस्त्यावरच्या पेटुनियांना टाकीने पाणी घालणार होते.

मी म्हटलं, “स्पर्धा हाय रं. गावागावांची.”

तसा तो एकदम खुलला. “मग हितं तरी दुसरं काय चाललंय?”

खरंच होतं. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं ते तिसरं वर्ष. २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत ती स्पर्धा सुरू झाली आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पहिला नंबर काढला. २०१८ पर्यंत ७५ तालुके उतरले होते, त्यात आमचा माणही. आठ एप्रिल ते बावीस मे, पंचेचाळीस दिवस. माळावर सलग समतल चर खणायचे, बांधबंदिस्ती करायची, शोषखड्डे घ्यायचे. शेजारच्या गावाने आज किती खणलं याची खबर रोज संध्याकाळी पारावर यायची आणि त्या खबरीवर दुसऱ्या दिवशी शंभर माणसं वाढायची, असं भाऊ सांगायचा. एरवी बांधाच्या वितीभर जागेवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका चरात उतरली होती. त्या वर्षीचा पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीने घेतला. आमच्या गावाला काही मिळालं नाही. पण त्या पंचेचाळीस दिवसांबद्दल भाऊ आजही बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो.

माझ्या मनात तेव्हापासून ह्या दोन स्पर्धा शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक पोटाची, एक डोळ्यांची. त्यांना एका तराजूत घालणं बरोबर नाही, हे मला कळतं. तरी दोन्हीकडे माणसं घराबाहेर पडून जे करत होती ते एकाच जातीचं होतं, असं मला वाटतं. जे काम कोणा एकाचं नाही ते करायला दोन्हीकडे शेजारच्या गावाची ईर्षा लागली.

इंग्लंडातल्या ह्या स्पर्धेचं नाव ब्रिटन इन ब्लूम. मूळ कल्पना मात्र फ्रान्सची. १९५९ साली, राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या काळात, फ्रान्सने गावं फुलांनी सजवण्याची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ‘रॉय हे’ नावाचे बागकामावर लिहिणारे इंग्रज पत्रकार सुटीसाठी तिकडे गेले, खिडक्याखिडक्यांतून ओसंडणारी फुलं बघून आले आणि आपल्याकडे हे का नाही म्हणून पर्यटन खात्याच्या मागे लागले. १९६४ साली ब्रिटनमधली पहिली स्पर्धा झाली. पुढे १९७५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून युरोपभरच्या गावांसाठी आणखी एक स्पर्धा काढली. आयर्लंडने तर ह्या दोघांच्याही आधी, १९५८ मध्ये, ‘टायडी टाउन्स’ नावाने गावागावांची चुरस लावली होती. तिथे पहिल्या वर्षी डॉनेगल परगण्यातलं ग्लेंटीज नावाचं गाव जिंकलं, नंतरच्या काही वर्षांतही जिंकलं आणि मग १९९५ मध्ये पुन्हा जिंकलं. पहिल्या विजयानंतर सदतीस वर्षांनी. पहिल्या वेळी झाडू धरलेल्या हातांची नातवंडं ह्या वेळी असतील.

फ्रान्समधली एक गोष्ट मला फार पटते. तिथे जिंकलेल्या गावाच्या वेशीवर पाटी लागते आणि पाटीवर लाल फुलं रंगवलेली असतात, एकापासून चारपर्यंत. चार फुलं म्हणजे सर्वोच्च मान. पण तो मान कायमचा नसतो. दर तीन वर्षांनी परीक्षक पुन्हा येतात आणि गाव सैलावलं असेल तर पाटीवरचं एक फूल कमी होतं. आपल्या गावाच्या वेशीवर काल चार फुलं होती आणि आज तीन आहेत, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. ह्या नियमाचं मोल मला वडिलांमुळे कळलं, ते पुढे सांगते.

ब्रिटनमध्ये ही स्पर्धा २००२ पासून रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते. आधी आपापल्या विभागात उतरायचं, तिथे चमकलात तर पुढच्या वर्षी राष्ट्रीय अंतिम फेरी. गावाची वस्ती किती त्यावर गट ठरतो, म्हणजे तीनशे उंबऱ्यांच्या खेड्याला शहराशी झुंजावं लागत नाही. गुण तीन गोष्टींना. बागकाम, पर्यावरणाची काळजी आणि लोकांचा सहभाग. शहरांमध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनचा दबदबा मोठा. ग्रॅनाइटच्या करड्या दगडाचं, उत्तर समुद्राच्या वाऱ्यात उभं असलेलं ते शहर ही स्पर्धा दहा वेळा जिंकलं. तिथल्या उद्यान विभागाचे प्रमुख डेव्हिड वेल्श यांनी रस्त्यांच्या कडेने गुलाब लावण्याचा ध्यास घेतला होता. डथी पार्कमधल्या काचघराला आज त्यांचंच नाव आहे. ॲबर्डीन इतकं जिंकायला लागलं की शेवटी त्याला स्पर्धेतून बाद केलं, अशी एक कथा मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली. ती खरी नाही, बंदी कधी झालीच नव्हती. पण कथा टिकली आहे. आपल्याकडेही प्रत्येक जत्रेत असा एक पैलवान असतोच, ज्याच्याशी म्हणे कुस्ती लावायला कोणी तयार नव्हतं.

मी ह्यात आले २०१६ मध्ये. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे येऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि दिवसाचे सहा तास घरात माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. बाजारचौकातल्या दगडी हौदात फुलं लावणाऱ्या एक आजी रोज दिसायच्या. वय ऐंशीच्या आसपास, गुडघ्याखाली रबराची गादी, हातात खुरपं. एक दिवस मी उभी राहून बघत होते तर त्यांनी वर न बघताच माझ्या हातात सुकलेल्या फुलांची बादली दिली आणि म्हणाल्या, “ही तिकडे ओतून ये गं.” कोण, कुठली, काही विचारलं नाही. दोन वर्षांत मला त्या गावात कोणी सांगितलेलं ते पहिलं काम.

गटात आम्ही चौदा जण. बहुतेक निवृत्त. एक पूर्वी बस चालवायचे, एक बाई पोस्टात होत्या, एकांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. दर गुरुवारी सकाळी जमायचं. खुरपणी, कचरा उचलणं, फरसबंदीच्या फटीतलं गवत काढणं, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे सुकलेली फुलं खुडणं. फूल झाडावर सुकू दिलं तर झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी देत नाही. म्हणून सुकतंय असं दिसलं की खुडायचं. पेटुनिया खुडताना बोटं चिकट होतात आणि तो चिकटा साबणाने लवकर जात नाही.

टोपल्यांचं गणित वेगळंच. टांगलेल्या टोपलीत माती थोडी आणि मुळं दाटीवाटीने. वर चारही बाजूंनी वारा. कडक उन्हात एक टोपली दिवसाला पाच लिटर सहज पिते. एक दिवस चुकला की पानं माना टाकतात, दोन दिवस चुकले की टोपली गेली. शिवाय आठवड्यातून एकदा पोटॅश जास्त असलेलं खत पाण्यातून द्यायचं. पाऊस पडला तरी सुटका नाही, कारण दाट पानांवरून पाऊस छत्रीवरून ओघळावा तसा बाहेरच पडतो. पहाटे साडेपाचला मी आणि बस चालवणारे ते गृहस्थ निघायचो. ते गाडी हळूहळू पुढे न्यायचे आणि मी वाकड्या टोकाची लांब नळी टोपलीत घालून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायची. मोजणं मराठीतच व्हायचं. खालून पाणी ठिबकायला लागलं की पुढचा खांब. बेकरीवाला पाव भट्टीतून काढत असायचा. तो दार उघडून दोन गरम बन कागदात गुंडाळून गाडीवर ठेवायचा. रस्त्यावर दुसरं कोणी नसायचं. गाव झोपलेलं असताना त्याला पाणी पाजत फिरणं हे किती जवळचं काम आहे, ते केल्याशिवाय कळत नाही.

आता वडिलांचं. २०००-०१ साली महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावं एकमेकांशी स्वच्छतेत झुंजू लागली. मी चौदा वर्षांची होते. आण्णा गावच्या कामात पुढे. महिनाभर गाव घासून पुसून काढलं. भिंतींना गेरू, त्यावर सुविचार, दारोदार सडा-रांगोळी, उकिरडे गावाबाहेर. समिती यायच्या आदल्या रात्री आण्णा झोपलेच नाहीत. समिती आली, हिंडली, चहा घेतला, गेली. तालुक्याला आमचा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी उत्साह निम्मा, त्याच्या पुढच्या वर्षी कोणी नाव काढेना. गटारं तुंबली, उकिरडे परतले. आण्णा मात्र रविवारी सकाळी चावडीसमोरचा तुकडा झाडत राहिले. एकटेच. मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी बघतील म्हणून मी त्या वाटेने जायचं टाळायची. ही गोष्ट मी आण्णांना कधी सांगितली नाही, आणि आता ते नाहीत.

म्हणून परीक्षक गेल्यावर काय, हा प्रश्न माझ्या पोटात आधीपासूनच होता. दुसऱ्यांदा येणाऱ्या, तिसऱ्यांदा येणाऱ्या, पाटीवरचं फूल काढून घेणाऱ्या परीक्षकांचा नियम आमच्या गावाला लावला असता तर, असं मला फार वाटतं.

२०१८ चा उन्हाळा ब्रिटनमधल्या आजवरच्या सर्वांत तापलेल्या उन्हाळ्यांपैकी एक निघाला. जूनमध्ये पाऊस जवळजवळ गायब. हिरवंगार इंग्लंड जुलैत पार पिवळं पडलं, गवत पायाखाली चुरचुरायला लागलं. पलीकडे वायव्य इंग्लंडात पाइपने पाणी वापरण्यावर बंदी जाहीर झाली. पुढे पाऊस आल्यामुळे ती लागू करावी लागली नाही, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं? आमच्या बैठकीत दोन तट पडले. नळाचं पाणी फुलांना घालणं शोभत नाही, टोपल्या उतरवू, असं काहींचं म्हणणं. वर्षभराची मेहनत अशी कशी सोडायची, असं बाकीच्यांचं.

मी एरवी बैठकीत फारशी बोलत नसे. त्या दिवशी बोलले. मी जिथून आले तिथे पाऊस वर्षाला वीसेक इंच पडतो आणि तोही भरवशाचा नाही, तेव्हा पाणी कसं पुरवायचं हे मला माहीत आहे, असं म्हटलं. दगडी चर्चचं छप्पर केवढं मोठं आहे आणि त्याचं पाणी सरळ गटारात जातं, हे मी दोन वर्षं बघत होते. त्या छपराच्या नळाला दोन मोठी पिंपं जोडायची, समाजमंदिराच्या मागे आणखी दोन. वाफ्यांत आच्छादन घालायचं. आमच्याकडे उसाचं पाचट घालतात, इथे लाकडाचा भुसा आणि कुजलेली पानं होती. पाणी फक्त पहाटे. टोपल्या बासष्टवरून चाळीसवर आणायच्या आणि उतरवलेल्या बावीस एकत्र सावलीत ठेवून जगवायच्या. आजी म्हणाल्या, “हिचं ऐका.” जुलैअखेर दोन वळवासारखे पाऊस आले आणि पिंपं तोंडापर्यंत भरली. मी भावाला फोटो पाठवला. ह्या वेळी त्याचा लगेच फोन आला. पिंपाला तोटी कितव्या इंचावर बसवलीय हे त्याला हवं होतं.

परीक्षक त्याच्या आधीच येऊन गेले होते. दोघं होते. आपल्या गावाचा मार्ग आपणच आखून द्यायचा, आणि ठरलेल्या वेळात तो संपवायचा. शाळेच्या मुलांनी लावलेली वाटाण्याची वेल, नदीकाठ, दफनभूमीत मुद्दाम न कापलेलं रानगवत, चौक. त्यातल्या एकांनी रिकाम्या खांबांकडे बोट दाखवलं तेव्हा आमच्यातल्या कोणीतरी सबबी सांगायला सुरुवात केली. आजींनी त्याला थांबवलं आणि परीक्षकांना चर्चमागे नेऊन कोरडी पिंपं दाखवली. आखलेल्या मार्गात ती नव्हती. ते वाकून नळ कसा जोडलाय ते बघत राहिले, आणि वेळ तर चाललीच होती.

सप्टेंबरात निकाल लागला. इथली पदकं एकमेकांशी तुलना करून देत नाहीत, ठरलेल्या मापाला कोण किती उतरलं यावर देतात. सोनं, मग चांदीवर सोन्याचा मुलामा, मग चांदी, मग कांस्य. आम्हाला मुलामा मिळाला. मागच्या वर्षी सोनं होतं. लोखंडी सामानवाले गृहस्थ त्या रात्री फार नाराज झाले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बावीस खांब रिकामे दिसत होते आणि ते माझ्या सांगण्यावरून.

ऑक्टोबर उजाडला की इथे उन्हाळी वाफे उपटतात. फुलं अजून उभी असतात तरी उपटतात, कारण त्या जागी पॅन्सी लावायच्या असतात आणि ट्यूलिपचे कंद पुरायचे असतात. त्या वर्षी ग्रंथालयासमोरचा वाफा झेंडूचा होता. इकडे त्याला आफ्रिकन मेरीगोल्ड म्हणतात, बुटक्या जातीला फ्रेंच. दोन्हीचं मूळ मेक्सिकोकडचं, ना आफ्रिकेशी संबंध ना फ्रान्सशी. आणि आपण तर तो आपलाच धरून बसलोय. बिनशंखी गोगलगाईंपासून वाचवत वाचवत मी तो वाफा वाढवला होता. आणि आता गुरुवारी सगळे फावडी घेऊन उभे, फुलं खताच्या ढिगावर जाणार. दसरा अठरा तारखेला होता. मी म्हटलं, हा एक वाफा पंधरा दिवस ठेवा. कारण सांगितलं. दाराला बांधायचं तोरण म्हणजे काय हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, हातानेच कमान काढून दाखवली. ट्यूलिप काय, नोव्हेंबरातही लावता येतात, असं आजी म्हणाल्या.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता दार वाजलं. दारात आजी, बसवाले गृहस्थ आणि पोस्टातल्या बाई. तीन बादल्या झेंडू. देठ एकसारखे कापलेले, कारण गुलदस्त्याला लागतात तसे लागत असतील असं त्यांना वाटलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही चौघांनी तोरण ओवलं. आंब्याची पानं नव्हती, चेरी लॉरेलची लावली. एक माझ्या दाराला, उरलेलं पोस्टातल्या बाईंनी मागून नेलं.

वाळलेल्या तोरणाचं बी मी धरलं. संकरित वाणाचं बी धरायचं नसतं, हे शेतकऱ्याच्या पोरीला कोणी सांगायला नको. पुढच्या पिढीत वाण फुटतो. पण तोरण टाकवेना. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याची रोपं झाली आणि व्हायचं तेच झालं. कोणी गुडघ्याएवढं, कोणी वितीएवढं, कोणी केशरी, कोणी लिंबासारखं पिवळं, काहींना तर पाकळ्यांची एकच ओळ. असा वाफा परीक्षकांना दाखवता येत नाही. आम्ही ती रोपं बसथांब्याच्या मागे, गाड्या लावायच्या जागेच्या भिंतीलगत लावली. मार्गापासून पार लांब. तिथलंही बी धरलं.

मग २०२० आलं. मार्चअखेर सगळं बंद झालं, रोपवाटिकाही बंद, आमच्या टोपल्यांची मागणी रद्द. स्पर्धाच रद्द झाली. १३ मेला रोपवाटिका उघडल्या तेव्हा उशीर झाला होता आणि गटाकडे पैसेही नव्हते. खांब मोकळेच राहिले. माझ्याकडे तेवढं झेंडूचं बी होतं. पाकिटं करून मी बाकीच्या तेरा दारांच्या पत्रपेटीत टाकली. चौदा खिडक्यांत रोपं झाली आणि जूनमध्ये एकेकट्याने, एकमेकांपासून लांब राहून, ती बसथांब्यामागे लागली. आजी त्या वर्षी घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांची रोपं पायरीवर ठेवलेली असायची, मी उचलून न्यायची.

पाण्याची पाळी माझ्याकडे होती. जुलैतल्या एका पहाटे झारी भरून गेले तर माती ओली. रात्री पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशीही ओली, आणि तिसऱ्याही. सुकलेली फुलंही खुडून भिंतीवर ओळीने ठेवलेली. गटात विचारलं, कोणीच नाही म्हणालं. बेकरीवाल्याला विचारलं, तोही नाही म्हणाला.

चौथ्या दिवशी मी झारी तशीच भरलेली उचलली आणि पुढच्या कोपऱ्यावरच्या दगडी हौदाकडे गेले. तो कोरडा होता.